सेऊलच्या दादाचं पार्सल

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना जीभ अडखळणार नाही. ऑनलाइन खरेदीत फसून घालवलेले १३,६८० रुपये. त्यातले ५,१८० माझे नव्हेतच, माझ्या शब्दावर दुसऱ्यांनी दिलेले. आणि मी कोण, तर कोल्हापुरात शाहूपुरीत एका सीएंच्या ऑफिसात बारा वर्षं जीएसटीची रिटर्न भरणारी बाई. बिल खरं की बोगस, हे ओळखायचाच मला पगार मिळतो.

वेड स्टेशनरीचं. जपानी पेनं, कोरियन स्टिकर, वाशी टेप. "बायका पैठण्या जमवतात, आमच्याकडं चिकटपट्ट्या जमतात," असं नवरा आल्यागेल्याला सांगतो. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वाशी टेप म्हणजे आपली पार्सलची टेप नव्हे. ती कागदी असते. बोटानं सरळ फाटते, खालचं अक्षर पुसट दिसू देते, आणि वाकडी लागली तर पान न सोलता अलगद निघते. नकली टेप प्लॅस्टिकची असते, ओढली की ताणते. या वेडाला आकार देणारी ‘एमटी’ टेप कुराशिकी गावातली कामोई कंपनी करते. ती कंपनी १९२३ साली माश्या पकडायचा चिकट कागद करत सुरू झाली होती. पुढं रंगाऱ्यांसाठी मास्किंग टेप करू लागली, मग टोकियोच्या तिघी हौशी बायकांनी गळ घातल्यावर २००८ मध्ये रंगीत टेप आली. एवढा इतिहास मला पाठ आहे. माशी म्हणून मी चिकटले ती मात्र भलत्याच कागदाला.

ते इन्स्टाग्रामवरचं पान जानेवारीत दिसलं. लिंबांची चित्रं असलेलं मेणकापड टाकलेलं टेबल, त्यावर दोन हात पार्सल बांधतायत, मागं मंद संगीत. चेहरा कधी नाही. मी मेसेज केला तर उत्तर मराठीत, "ताई" म्हणून. पुण्याकडची आहे म्हणाली, तिचा दादा सेऊलला नोकरीला. मी ७४० रुपयांची ऑर्डर दिली: माइल्डलायनर हायलायटरचा एक संच, दोन टेपा, एक खोडता येणारं फ्रिक्शन पेन. नऊ दिवसांत पार्सल घरात. माल अस्सल. वर एक फुकट स्टिकर आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी, "ताई, डायरी सजवल्यावर फोटो नक्की पाठवा."

मला गंडवलं ते या पार्सलनं. पुढचं सगळं नुसतं वसुलीचं काम होतं. ७४० रुपयांचा खरा माल देऊन तिनं माझ्याकडून जे घेतलं ते पैशात मोजता येत नाही: मी तिची जाहिरात झाले. ऑफिसात पेन दाखवलं, भाचीला टेप दिली, मैत्रिणीला पानाची लिंक पाठवली.

मार्चमध्ये तिचा मेसेज आला. दादा सुट्टीला येतोय, येताना माल आणणार, ग्रुप ऑर्डर घेतेय, पैसे आगाऊ. मला होबोनिची ही जपानी डायरी हवी होती, एप्रिलपासून सुरू होणारी. एका दिवसाला एक पान असूनही ती हातात मावते, कारण तिचा तोमोए रिव्हर कागद जेमतेम ५२ जीएसएमचा. पातळ, पण शाईच्या पेनानं लिहिलं तरी मागं फुटत नाही. मैत्रिणीला दाक्कूचं सामान हवं होतं. दाक्कू म्हणजे कोरियन पोरींचं डायरी सजवणं. भाचीला सुमिक्को गुराशी. ही २०१२ पासूनची जपानी चित्रं आहेत, कोपऱ्यात लपून बसणारे भिडस्त जीव: थंडी सोसत नाही म्हणून उत्तरेतून पळून आलेलं पांढरं अस्वल, ताटात शिल्लक राहिलेला टोंकात्सूचा, म्हणजे तळलेल्या पोर्क कटलेटचा, शेवटचा तुकडा. भाची दहावीला आहे, तिला तो तुकडा फार जवळचा वाटतो.

माझे ४,६५०, मैत्रिणीचे ३,२००, भाचीचे १,९८०. सगळे माझ्या फोनवरून गेले.

आता सांगते काय काय दिसत होतं. दादा कोरियात, आणि डायरी जपानची. तो ती आणणार कुठून, हे मी विचारलंच नाही; विमानतळावर मिळत असेल, असं उत्तर मीच मला देऊन टाकलं. पहिल्या वेळी यूपीआयवर बाईचं नाव आलं होतं, या वेळी कुठल्याशा ट्रेडर्सचं. पानावर कॉमेंट बंद होत्या. आणि व्हॉट्सअॅपवर तिनं मेसेज चोवीस तासांत गायब व्हायची सोय चालू केली होती; फोनमध्ये जागा नाही म्हणाली. पाहुणे मुंबईहून ‘अस्सल कोल्हापुरी’ घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा चप्पल उलटी करून बघते, तळवा चामड्याच्या वादीनं शिवलाय की नुसता चिकटवलाय. इथं उलटून बघायला एक नाव होतं, तेवढंही बघवलं नाही.

तीन आठवड्यांनी एका माणसाचा फोन. मुंबई विमानतळ, कस्टम. पार्सल अडकलंय, ३,८५० ड्युटी भरा, नाहीतर माल जप्त आणि तुमच्या नावावर केस. सोबत अशोकस्तंभ छापलेल्या पत्राचा फोटो. मी रोज सरकारी नोटिसा बघते. कस्टम आणि जीएसटीच्या पत्रांवर २०१९ पासून डीआयएन नावाचा क्रमांक येतो, तो वेबसाइटवर टाकला की पत्र खरं का खोटं लगेच कळतं. क्लायंट घाबरून फोन करतो तेव्हा मीच त्याला सांगते, "आधी डीआयएन टाकून बघा." त्या पत्रावर असला क्रमांकच नव्हता. शिवाय दादा सामान घेऊन येणार होता, तर पार्सल कुठलं? आणि पोस्टानं आलेल्या पार्सलवर ड्युटी बसली तर पोस्टमन दारात पावती देऊन घेतो, कुरियरवाले बिल पाठवतात. कस्टमचा साहेब स्वतःच्या यूपीआयवर मागत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी डोक्यात एकच, भाचीचे पैसे त्या खोक्यात आहेत. भरले. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, सरांना दिसू नये म्हणून.

दोन दिवसांनी त्या पानवालीचा गोड मेसेज: माल येत नाही, सगळे पैसे परत करते, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. तिथं मात्र डोकं ठिकाणावर आलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. मी "बँकेत विचारते" एवढंच लिहिलं. दहा मिनिटांत नंबर ब्लॉक, पान गायब.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो चौथ्या दिवशी. तीन दिवस कशात गेले? लाज वाटण्यात. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतो. फोन लवकर गेला तर तो वाटेत कुठं तरी गोठवता येतो. माझे कस्टमवाले ३,८५० असे सापडले, बाकीचे निघून गेले होते. सापडलेलेही अजून हातात नाहीत.

ऑनलाइन तक्रार झाल्यावर कागद घेऊन सायबर पोलिसांकडं जायचं ठरलं. गाडी नवऱ्याकडं होती म्हणून रिक्षा केली. "सायबरला चला" म्हटलं, आणि मामांनी थेट सायबर चौकात आणून सोडलं. तिथलं ‘सायबर’ हे शाहू महाराजांच्या नावानं असलेल्या कॉलेजचं, गुन्ह्यांशी त्याचा काही संबंध नाही. "सायबर म्हंजे ह्योच की वं ताई," म्हणाले. त्या महिन्यात हसले ती तेवढीच.

पण खरी गंमत डायरीची झाली. मेसेज तर उडाले होते. यूपीआयचे बारा आकडी क्रमांक ॲपमध्ये होते, पण कुणाचा फोन कधी आला, काय नाव सांगितलं, कुठल्या नंबरवरून, हे मी रोज डायरीत लिहून ठेवलं होतं. लिहिलं होतं कशानं, तर तिनंच पाठवलेल्या त्या फ्रिक्शन पेनानं. एप्रिलचं ऊन, डायरी दिवसभर स्कूटरच्या डिकीत, खाली तापलेलं इंजिन. संध्याकाळी उघडली तर पानं कोरी! या पेनाची शाई साठ अंशांपुढं रंग सोडते, पेनामागचा रबर घासून तेच करतो. पण ती पुसली जात नाही, नुसती दिसेनाशी होते. उणे दहाच्या खाली गेली की परत उमटू लागते. मग डायरी पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी. सासूबाईंनी रात्री फ्रीजर उघडला आणि विचारलं, "अगं, हे वहीचं काय लोणचं घालतीस?" सकाळी अक्षरं आली होती, फिकी, पण वाचता येतील अशी. तारखा, नंबर, सगळं बॉलपेननं पुन्हा उतरवलं आणि त्याचीच झेरॉक्स तक्रारीला जोडली.

आता घेताना पाकिटाची मागची बाजू आधी बघते. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, देश आणि एमआरपी छापलेली लागते. बारकोड ४५ किंवा ४९ नं सुरू झाला तर जपानी नोंदणी, ८८० असेल तर कोरियन. अर्थात आकडा कुणीही छापू शकतो, त्यावर एकट्यावर जाऊ नका. आगाऊ पैसे मागणारं पान असेल तर पहिलं पार्सल सुखरूप आलं हे पुरावा म्हणून धरू नका.

भाचीचे पैसे मी त्याच आठवड्यात दिले. मैत्रीण घेईना, शेवटी दोन हप्त्यांत घेतले. काल तिनंच एक रील पाठवली. पान वेगळं, नाव वेगळं, संगीत वेगळं. टेबलावर मात्र तेच लिंबांचं मेणकापड. दादा या वेळी ओसाकाहून येतोय म्हणे.