स्पेसर उत्तम, शिकवणी मात्र अपुरी

दम्याच्या पंपाला लावायचा, दोन भाग जोडून तयार होणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, ही खरोखर गुणी वस्तू आहे. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ अनेकांना साधत नाही. स्पेसरमुळे तो साधावा लागत नाही आणि औषध घशात कमी अडकते. स्पेसरची तोंडाकडची नळी ओठांत नीट धरता न येणाऱ्या लहानग्यांसाठी मात्र मास्क हवाच.

कमी पडते ते शिकवणे. सोबतच्या पत्रकातली बारीक अक्षरे आजीआजोबांनी वाचायची कशी? नेहमी होणारी एक चूक म्हणजे दोन पफ (औषधाचे फवारे) एकदम दाबणे. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा, एकच पफ दाबा, सावकाश श्वास घ्या आणि 10 सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भराच, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

स्पेसर आठवड्याला सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका. घासल्याने स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते. तो आपोआप वाळू द्या.

डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स, सगळ्यांना विनंती: "समजलं का?" विचारलं की पेशंट मान डोलावतोच. त्याऐवजी "आजी, आता तुम्ही करून दाखवा" म्हणा. दोन मिनिटांत चूक दिसते. पुढच्या भेटीत पुन्हा बघा, कारण शिकलेली पद्धत हळूहळू बिघडते.