ग्योंगजूत एकच दिवस असेल तर: डोंगर की गाव?

ग्योंगजूला, म्हणजे दक्षिण कोरियातल्या शिल्ला राज्याच्या जुन्या राजधानीला, मुक्काम न करता जाणारे बहुतेक जण याच ठिकाणी अडतात. सकाळी बुसानहून किंवा सोलहून निघायचं, रात्री परत यायचं, हातात आठ-नऊ तास. त्यात डोंगरातलं बुल्गुक्सा मंदिर आणि त्याच्या वरची सोकगुराम ही बुद्धाची गुंफा करावी, की गावातली राजांची थडगी, संग्रहालय, बाजार आणि संध्याकाळी वोल्जी तळं? नकाशावर दोन्ही एका दिवसात बसतं. प्रत्यक्षात बसच्या वेळांमुळे बसत नाही, बसवलं तर कशालाच न्याय मिळत नाही.

बुल्गुक्साबद्दल माझी काहीच तक्रार नाही. इ.स. ७५१ मध्ये किम दे-सोंग या शिल्लाच्या मंत्र्याने हे काम हाती घेतलं आणि त्याच्या मृत्यूनंतर दरबाराने ते पुरं केलं. १५९३ मध्ये जपानी स्वारीत लाकडी इमारती जळाल्या. आज दिसणारी दालनं बरीचशी १९६९ ते १९७३ या काळातल्या जीर्णोद्धारातली आहेत. दगडकाम मात्र जुनं आहे आणि खरं बघायचं तेच. मुख्य अंगणात दोन पॅगोडे शेजारी उभे आहेत: साधा, तीन मजली सोकगाताप आणि लाकूड कोरावं तसा घडवलेला दाबोताप. दहा वॉनच्या नाण्यावर आहे तो दाबोताप. आत शिरण्याआधी समोरच्या दगडी जोत्याजवळ पाच मिनिटं थांबा. खाली ओबडधोबड धोंडे तसेच ठेवलेत आणि वरचा घडीव दगड त्या धोंड्यांच्या उंचसखलपणाबरहुकूम खालून तासून बसवलाय. सांध्यावरून बोट फिरवावंसं वाटेल इतकं ते नेमकं आहे. समोरच्या पायऱ्या चढायला बंद आहेत, आत बाजूने जायचं. मे २०२३ पासून प्रवेश मोफत आहे.

अडचण सुरू होते ती इथून वर जाताना. सोकगुरामला जाणारी १२ नंबरची बस साधारण तासाला एक. एक चुकली की तास गेला. वर पोचल्यावर झाडीतून दहा-पंधरा मिनिटं चालायचं, मग लाकडी देवडी, माणसांची रांग आणि समोर काच. काचेपलीकडे साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचा ग्रॅनाइटचा बुद्ध, पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून बसलेला. फोटोला मनाई आहे. मागची रांग पुढे सरकत असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत तुम्ही बाहेर. भिंतीवरचे दहा शिष्य तिरपे, अर्धवट दिसतात. बुद्धाच्या बरोबर मागे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. या गुंफेतलं ते सगळ्यात नाजूक शिल्प, आणि काचेबाहेरून ते दिसतच नाही.

काच उगाच लावलेली नाही. सोकगुराम डोंगरात खोदलेलं लेणं नाही. ग्रॅनाइटचे घडीव दगड रचून घुमट केला आणि त्यावर माती लोटली. १९१३ ते १९१५ मध्ये जपानी राजवटीत दुरुस्ती करताना सिमेंट वापरलं. त्यानंतर आत ओल धरू लागली, दगडावर शेवाळ आलं. १९६०च्या दशकात आणखी एक घुमट घातला, देवडी बांधली, हवा यंत्राने कोरडी ठेवायची सोय केली, आणि पुढे माणसांच्या श्वासाची ओल आत जाऊ नये म्हणून काच आली. कारण पटतं. तरी अजिंठा किंवा कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाला प्रदक्षिणा घातलेल्या माणसाला ही काच जास्त टोचते. ही गोल खोलीही प्रदक्षिणेसाठीच बांधलेली आहे, आणि नेमकं तेच करता येत नाही. वर्षातून एकदा, बुद्धजयंतीला, भाविकांना आत सोडतात. कोरियात ती चौथ्या चांद्र महिन्याच्या आठव्या तिथीला असते, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या वैशाख पौर्णिमेच्या आठवडाभर आधी. त्या दिवशी तिथे असाल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि डोंगरच चढा.

एरवी हिशेब असा पडतो: वाट पाहणं, चढण, चालणं, परतीची बस धरून अडीच-तीन तास, आणि दर्शन तीन मिनिटं. ज्यांना बुद्धशिल्पाचा खास ओढा आहे त्यांना हे सार्थक वाटेल, ते मी नाकारत नाही. त्यांनी निदान परतताना बस न धरता पायवाटेने बुल्गुक्साला उतरावं. वाट सव्वादोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि उतरायला पाऊण तास पुरतो. पावसात आणि थंडीत बर्फ असताना मात्र ती निसरडी होते.

गावातल्या दिवसात असा वेळ वाया जात नाही. बुसानहून येणारी बस ग्योंगजूच्या टर्मिनलला सोडते आणि तिथून देरुंगवॉनचं आवार चालत पंधरा मिनिटांवर आहे. वेगवान रेल्वेचं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून वेगळी बस लागते, अर्धा तास धरून चला. देरुंगवॉनमध्ये २३ थडगी आहेत, हिरव्या गवताची मोठाली टेकाडं. यांची बांधणी समजली की पुढचा दिवस जुळत जातो: मध्ये लाकडी खोली, तिच्यावर गोट्यांची रास, मग माती. आत जायला वाट ठेवलेलीच नाही. लाकूड कुजल्यावर गोटे कोसळून खोली भरून गेली, म्हणून चोरांना आत शिरणं अवघड झालं आणि राजांबरोबर पुरलेलं सोनं जागेवर राहिलं. चोनमाचोंग हे एकच थडगं आतून बघता येतं, तिकीट ३,००० वॉन. बाकी आवार मोफत.

१९७३ मध्ये चोनमाचोंगमधून निघालेला सोन्याचा मुकुट ठेवलाय राष्ट्रीय संग्रहालयात. सकाळी थडग्यातली खोली बघायची आणि दोन तासांनी तिच्यातलाच खरा ऐवज समोर, हे डोंगराच्या दिवसात मिळत नाही. वाटेत सातव्या शतकातली चोमसोंगदे वेधशाळा लागते. ती नऊ मीटरची आहे, लांबूनच बघून पुढे निघालात तरी चालेल. तिथून संग्रहालय रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. या पट्ट्यात सावली नाही, जुलै-ऑगस्टमध्ये हे चालणं दहाच्या आत उरकावं.

संग्रहालय मोफत आहे. अंगणात राजा सोंगदोकची घंटा टांगलीय: ७७१ साली ओतलेली, ३.६६ मीटर उंच, १८.९ टन वजनाची. वर टांगायच्या ड्रॅगनच्या मागे एक पोकळ नळी दिसेल. अशी नळी हे कोरियन घंटेचं खास लक्षण. आता घंटा वाजवत नाहीत, तिचा ध्वनिमुद्रित नाद ऐकवतात. आवाज संपला असं वाटतं आणि तो पुन्हा लाटेसारखा उठतो, म्हणून टोल पडल्यावर लगेच हलू नका. त्याच अंगणात दाबोताप आणि सोकगाताप यांच्या पूर्ण मापाच्या प्रतिकृती आहेत. बुल्गुक्सा सोडलं तर त्यातल्या त्यात भरपाई.

जेवायला सोंगदोंग बाजार, जुन्या रेल्वे स्टेशनसमोर. आतल्या गल्लीत एका ठरलेल्या किमतीत हवं ते ताटात वाढून घ्यायचे गाळे आहेत: पालक, मोड आलेली कडधान्यं, नेच्याचे कोंब, मुळा, भात. दुपारीच जा, संध्याकाळी यातले बरेच आवरतात. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: भाजी दिसायला शुद्ध असली तरी तिला मासळीचा सॉस लागलेला असू शकतो, किमचीत तर बहुधा असतोच, आणि सूपचं पाणी सुकटीचं असतं. साधा भात, तिळाच्या तेलातली पालेभाजी आणि भाजलेलं समुद्री शेवाळ यावर पोट भरतं. गोडात ह्वांगनाम-प्पांग, १९३९ पासूनचा इथला प्रकार: पातळ पारीत लाल चवळीसारख्या दाण्याचं पुरण. पारीत अंडं असतं. गरम मिळाला तर घ्या, गार झाल्यावर पुरण घट्ट बसतं.

वोल्जी तळ्यावर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचावं. तिकीट ३,००० वॉन. दिवे लागले की काठचे मंडप पाण्यात उलटे दिसतात, वारा पडलेला असला तर अगदी स्वच्छ.

बुल्गुक्सा अजिबात सोडवत नसेल तर ते सकाळी करा आणि सोकगुराम गाळा. टर्मिनलवरून १० आणि ११ या दोन्ही बस बुल्गुक्साला जातात, पण एकमेकींच्या उलट्या फेरीने. जाताना ११ धरा. १० मध्ये बसलात तर ती आधी बोमुन तलावाला वळसा घालते आणि वेळ जातो. येताना मात्र १०च हवी, ती खाली येताना थेट संग्रहालयाच्या थांब्यावर सोडते.