केबिन बॅगेची चार चाकं: कोपनहेगन, स्टॉकहोम आणि नंतरचा पावसाळा

चाक गेलं ३० एप्रिलला. स्टॉकहोमच्या गामला स्तानमध्ये, म्हणजे जुन्या शहरात. त्या दिवशी राजा कार्ल गुस्ताफचा वाढदिवस असतो, राजवाड्यापुढे ही गर्दी. त्या गर्दीतून वाट काढताना आमच्या बॅगेचं पुढचं डावं चाक जे आडवं झालं ते सरळ व्हायलाच तयार होईना. कंपनीशी माझं प्रकरण अजून मिटलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. ५५ सेंटिमीटर, कडक कवच, चार फिरती चाकं. दिवाळीच्या सेलमध्ये तुम्हीही पाहिलेली असणार. आत किती मावतं, कुलूप कसलं, वजन किती, ते सगळं जाहिरातीत आहे. मी फक्त चाकांबद्दल लिहिणार.

आधी कौतुक, कारण सुरुवातीला मीच ही बॅग चार जणींना घ्यायला लावली. कोपनहेगनची मेट्रो विमानतळाच्या टर्मिनल ३ ला लागूनच आहे. ड्रायव्हर नाही, रात्रभर चालू, फलाट आणि डबा एका पातळीत, स्टेशनात लिफ्ट. बॅग एका बोटाने ढकलत आम्ही पंधरा-वीस मिनिटांत शहरात होतो. नवऱ्याची जुनी दोन चाकी बॅग मागे खडखडत येत होती आणि मी वळून वळून बघत होते.

वर आलो आणि पदपथ सुरू झाला. कोपनहेगनचे जुने पदपथ नीट बघण्यासारखे आहेत. ग्रॅनाइटच्या मोठ्या गुळगुळीत फरश्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत छोटे चौकोनी दगड बसवलेले. बाबागाड्या ढकलणारे आईबाप बरोबर फरशीवरून जातात. चार चाकी बॅग उभी ढकलली की मात्र दोन चाकं फरशीवर आणि दोन दगडांत, की बॅग गेलीच तिरकी. मग तिला कलती करून मागच्या दोन चाकांवर ओढायची. म्हणजे चार चाकांचे पैसे देऊन दोनच वापरायची. शेजारचा सायकलमार्ग डांबरी, मखमली. तिथे बॅग काय सुंदर धावते! पण पन्नास पावलांत मागून घंटी वाजते, आणि डेन लोक घंटी एकदाच वाजवतात. दुसऱ्यांदा नुसतं बघतात.

तिथला गोल मनोरा, रुंडेटोर्न, १६४२ मध्ये पुरा झाला. जवळजवळ वरपर्यंत जिना नाहीच, विटांचा रुंद उतार आहे, २०९ मीटर लांब, आतल्या आत गोल फिरत जाणारा. १७१६ मध्ये रशियाचा पीटर द ग्रेट म्हणे त्यावरून घोडा घेऊन वर गेला. चाकांचा विचार केलेली तेवढी एक इमारत मला त्या शहरात भेटली. तिथे तिकीट आहे. ज्यांना उंचावरून फुकट बघायचंय त्यांनी क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याच्या मनोऱ्यावर जावं. १०६ मीटर उंच, तिकीट नाही, लिफ्ट आहे. लांगेलिनीला चेरी फुलल्या होत्या, तेही फुकट. न्यूहाउनच्या कालव्याकाठी बसून जेवायचे दर बघितले आणि सुपरमार्केटमधून राईचा ब्रेड आणि चीज आणून तिथेच काठावर बसून खाल्लं. रिकाम्या बाटल्या परत केल्या की यंत्र पैसे देतं, छोटीचा एक-दीड क्रोन, मोठीचे तीन. तेही सोडले नाहीत.

पुढे रेल्वेने मालमो, म्हणजे स्वीडन. दोन देशांना जोडणारा, २००० साली झालेला ओरेसुंडचा दुवा आधी समुद्राखालच्या बोगद्यातून जातो, मग मुद्दाम बांधलेल्या बेटावर वर येतो आणि तिथून पुलावर चढतो. खिडकीची जागा सोडू नका. बॅग दाराजवळच्या रॅकमध्ये टाकावी लागली.

आता स्टॉकहोम. कुणी सांगत नाही ते सांगते. तिथे हिवाळाभर बर्फावर घसरू नये म्हणून पदपथांवर बारीक खडी टाकतात. बर्फ वितळतो, खडी राहते. ती उचलायला झाडूवाल्या गाड्या वसंतात फिरतात, पण सगळ्या गल्ल्या एका दिवसात होत नाहीत. एप्रिलमध्ये फोटोत जे दिसतं, म्हणजे कुंगस्ट्रेडगोर्डन बागेतल्या गुलाबी चेरींच्या रांगा, ड्रामाटेन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर डोळे मिटून सूर्याकडे तोंड करून बसलेली माणसं, ते सगळं खरं आहे. आम्हीही कॉफी आणि दालचिनीचा बन घेऊन बसलो (दोघांचे मिळून पंधराशे रुपयांच्या घरात, परत घेतला नाही). पण पायाखाली कर्रकर्र वाजत असतं, हे फोटोत येत नाही. ही खडी तांदळाच्या कणीपासून हरभऱ्याएवढी, धारदार कोपऱ्यांची. चाक आणि त्याला धरणारा काटा यांच्यात जी फट असते, तिथे ती बरोब्बर जाऊन बसते.

गामला स्तानमध्ये खडी अधिक गोटे. सकाळी सहाला बॅग ओढली तर बटाटेवाल्याची गाडी आल्यासारखं वाटून लोक खिडक्या उघडतील. १ मेच्या सुट्टीमुळे आमच्या पहिल्या खोलीचं भाडं वाढत होतं, म्हणून आम्ही पलीकडे सोदरमाल्मला दुसऱ्या खोलीत हलत होतो. अंतर थोडं, तिकीट कशाला काढा, चालतच निघालो, आणि अर्ध्यात चाक गेलं. आदल्याच दिवशी वासा जहाज बघितलं होतं. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत साधारण १३०० मीटर जाऊन बुडालेलं, कारण वरून जड. नवरा म्हणाला, "आपलं चाक त्यापेक्षा बरंच टिकलं." हा विनोद त्याने अजून सोडलेला नाही.

सोदरमाल्मच्या चढावर पायऱ्यांना बाबागाड्यांसाठी दोन समांतर पट्ट्या असतात. बॅगेच्या चाकांचं अंतर त्यांच्याशी जुळत नाही, त्यामुळे उचलूनच न्यावी लागली. संध्याकाळी रिड्डरहोल्मेन बेटावर वालबोर्गची, म्हणजे वसंताच्या स्वागताची, मोठी शेकोटी पेटली, लोक वसंताची गाणी म्हणत होते, थंडी चांगलीच होती. मी बॅगेच्या विचारात अर्धी गाणी ऐकलीच नाहीत.

परतताना आर्लांडा विमानतळाच्या महागड्या गाडीला, आर्लांडा एक्सप्रेसला, पैसे घातले नाहीत. लोकल गाडीने मेर्स्टा, तिथून ५८३ नंबरची बस. शहराचं साधं ७५ मिनिटांचं तिकीट दोन्हीला चालतं आणि विमानतळ स्टेशनचा जादा आकार पडत नाही. तीन चाकांच्या बॅगेसह हे करून झालेलं आहे, त्यामुळे चार चाकांवर कुणीही करू शकेल.

इथवरचं मेमध्ये लिहून ठेवलं होतं, शेवटी एक स्टार आणि दगडांना शिव्या. त्यानंतर बरंच घडलं.

सर्व्हिस सेंटरने बॅग ठेवून घेतली, फोटो काढले आणि कळवलं की खडबडीत पृष्ठभागावर वापरल्याने झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. मी त्यांना त्यांचीच जाहिरात पाठवली. तिच्यातली बाई टाचांचे बूट घालून ही बॅग दगडी गल्लीतूनच ओढत चालली आहे, मागे पिवळ्या भिंती, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. उत्तर आलं, "चित्र केवळ सादरीकरणासाठी." वर सांगितलं की नुसतं चाक मिळत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागेल आणि बसवायचे वेगळे. ती रक्कम ऐकून मी बॅग उचलून घरी आणली.

शेवटी रविवार पेठेतल्या एका बॅग दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आतलं अस्तर चेन उघडून बाजूला केलं. चाक स्क्रूने नाही, रिबिटने बसवलेलं. ड्रिलने रिबिटची डोकी उडवली, चाक काढलं आणि वर्तमानपत्रावर आपटलं. करडी खडी पडली, आणि आसाभोवती गुंडाळलेले माझे केस.

"ताई, ही कुठली खडी?"

"स्टॉकहोमची."

"तिकडेही रस्ता खोदलाय का?"

मग त्यांनी चाक माझ्या हातात दिलं. आत बेअरिंग नव्हतंच, नुसती प्लास्टिकची बुशी, तीही खडीने कुरतडून अंडाकृती झालेली. धूळ अडवायला झाकण काही नाही. म्हणजे दगडांनी धक्के दिले असतील, पण बॅग मेली ती त्या फटीमुळे. तेव्हा दगडांना दिलेल्या शिव्या मागे घेते आणि त्या बुशीच्या नावे करते. काकांनी रबराची, बेअरिंगवाली, थोडी मोठी चाकं नट-बोल्टने बसवली. चारही. कंपनीच्या आकड्याच्या पाव पैशात.

त्यानंतर पावसाळाभर बॅग इंद्रायणीने मुंबईला जातेय, चिपळूणच्या एसटी स्टँडवरच्या चिखलातून गेली, आमच्या सोसायटीसमोरच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून रोजची आहे. चाकं शाबूत. आवाजही निम्मा. एक तोटा: मोठ्या चाकांमुळे उंची बोटभर वाढली, आणि विमानतळावर मापाच्या सांगाड्यात घालताना आता जरा दाबावी लागते.

तर बॅगेला तीन स्टार, चाकांना शून्य, काकांना पाच. कवच आणि दांडा यांबद्दल तक्रार नाही. दांडा अजूनही एका झटक्यात वर येतो. एप्रिल-मेमध्ये त्या बाजूला जाणार असाल तर दुकानात चाक उलटं करून बघा: फटीत नख जात असेल तर खडीही जाईल, आणि रिबिट दिसली तर किंमत पाडून मागा. पाठ साथ देत असेल तर सरळ पाठीवरची सॅक न्या. आणि चकचकीत रंग घेऊ नका, मालमोच्या गाडीतल्या रॅकचा ओरखडा निळ्यावर लांबून दिसतो.