जुनी सिको एसकेएक्स घ्यावी का नवी कॅसिओ ड्युरो? दोन्ही वापरून सांगायलो

परभणीचा मित्र परवा विचारायला, सिको एसकेएक्स 007 हे जुनं हातातलं घड्याळ मिळायलंय, ते घेऊ का त्यापेक्षा नवी ड्युरो बरी. माझ्याकडं दोन्ही आहेत, सिको तर चार वर्षं झाली रोज हातात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिको 1996 ला आली अन 2019 ला कंपनीनं बंद केली, म्हणजे आता मिळणार ती बहुतेक वापरलेलीच. मशीन 7एस26, ऑटोमॅटिक, हात हलला की चावी भरते. काढून ठेवली तर 41 तासांच्या आसपास चालते, मग बंद. हिला हातानं चावी देता येत नाही अन सेकंदकाटाही थांबवता येत नाही, त्यामुळं सेकंदाला सेकंद लावायची सवय असेल तर चिडचिड होते. माझी दिवसाला दहा-बारा सेकंद पुढं पळते. ड्युरो क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी, महिन्याला 20 सेकंद मागंपुढं, तीनेक वर्षांनी सेल बदलला की झालं.

आता पाण्याचं. दोन्हीवर 200 मीटर लिहिलंय, पण जुन्या घड्याळावरचे 200 मीटर ते नवं होतं तेव्हाचे, आतली रबरी रिंग वाळली की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. मी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा कारागिरानं वाळलेली रिंगच परत बसवली, मला माहीत नव्हतं, गावाकडं विहिरीत उडी मारली अन वर येऊन पायरीवर बसलो तर काचेला आतून सहाच्या खुणेपाशी वाफ धरलेली. जीव असा खाली-वर झाला! त्याच दिवशी उघडून वाळवली म्हणून वाचली. जुनी घेतली तर मागच्या झाकणाची अन क्राऊनची (वेळ लावायच्या बाजूच्या गुंडीची), दोन्ही रिंगा नव्या टाका, प्रेशर टेस्ट करून घ्या, मला त्यासाठी पुण्याला पाठवावी लागली.

पण रात्री शेतात सिकोच. लाईट रात्रीची असते तेव्हा मोटार चालू केली की बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा, त्रिकोण मिनिटकाट्यावर आणून ठेवतो, वाफा बदलायला किती वेळ झाला ते चिखलाच्या हातानं मोबाईल न काढता कळतं, अन हिचे अंधारात चमकणारे काटे पहाटे चारला पण दिसतात. ड्युरोला पण बेझल आहे, पण तिच्या काट्यांचा उजेड लवकर मंदावतो.

घेताना झाकणावर 7एस26-0020 बघा, अन सिरीयल नंबरचा पहिला आकडा बनवल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा असतो, 8 म्हणजे 1998, 2008 नाहीतर 2018, ते डायल-काट्याच्या अवस्थेवरून ओळखायचं. लई जणांनी बाहेरचे डायल-बेझल टाकलेत, ओरिजिनल म्हणून पैसे देऊ नका. नवी सिको 5 स्पोर्ट्स दिसायला तशीच आहे, हातानं चावी देता येते, पण 100 मीटरच अन क्राऊन स्क्रूसारखा पिळून घट्ट बसणारा नाही.

मित्राला मी ड्युरोच सांगितली, तो आठवड्यातले चार दिवस घड्याळ घालतच नाही.