बचावफळीपुढे कोण हवा : तोडणारा की जोडणारा?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये फुटबॉलच्या सामन्याला गॅलरीत बसलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं : "त्यो मधला काय करतोय रं? नुसता हिंडतोय की!" ज्याच्याविषयी हे चाललेलं असतं तो गडी दोन बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढे, मैदानाच्या मधोमध असतो. गोल त्याच्या नावावर नसतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नाव आलंच तर पिवळ्या कार्डापुरतं. संघासाठी वर्गणी जमली की पैसे आधी फॉरवर्डवर जातात, मग गोलीवर, आणि या जागेवर जो उरेल तो उभा राहतो.

यंदा ही जागा नीट भरायचं ठरवलं असेल तर तुमच्यापुढे साधारण दोन प्रकारचे गडी येतील. एक समोरच्याची चढाई तोडणारा. दुसरा आपल्या मागच्या फळीला पुढच्या फळीशी जोडणारा. जागा तीच, सहा नंबरची. पण एकाला घेतलं तर बाकीचा संघ एका पद्धतीने लावावा लागतो आणि दुसऱ्याला घेतलं तर वेगळ्या. (टर्फवर पाच-पाचचे सामने खेळत असाल तर हे सगळं सोडून द्या. तिथे सगळेच सगळं करतात.)

दोघांना एकाच मैदानावर बघायचं असेल तर ९ जुलै २००६ चा बर्लिनमधला विश्वचषकाचा अंतिम सामना काढा. लोकांना त्यातली फ्रान्सच्या झिदानने डोक्याने मारलेली धडक तेवढी आठवते. पण फ्रान्सच्या बचावफळीपुढे तेव्हा माकेलेले होता आणि इटलीच्या बचावफळीपुढे पिर्लो. इटलीचा गोल पिर्लोच्याच कॉर्नरवर मातेराझीने डोक्याने मारला, सामना १-१ राहिला, पेनल्टीवर इटली ५-३ ने जिंकली आणि सामनावीर पिर्लो ठरला. माकेलेले त्या रात्री वाईट खेळला असं कुणी म्हणणार नाही. तो काय खेळला हेही फारसं कुणाला सांगता येणार नाही, आणि तोडणाऱ्याचं दुखणं नेमकं हेच आहे.

माकेलेलेचा रेआल माद्रिदमधला किस्सा तर प्रसिद्धच आहे. २००३ साली संघात झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल. त्यांच्या मानाने याचा पगार किरकोळ. त्याने वाढ मागितली, क्लबने नाकारली. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला आणि हा इंग्लंडच्या चेल्सी क्लबला गेला. त्याला डोक्याने खेळता येत नाही, लांब पास देता येत नाही, असं क्लबच्या अध्यक्षांनी जाता जाता ऐकवलंही. पुढच्या हंगामात रेआलने शेवटचे पाचही लीग सामने गमावले आणि संघ चौथा आला. सगळं खापर या एका जाण्यावर फोडणं मला पटत नाही. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक डेल बोस्के आणि बॅक इएरोही गेले होते. तरी त्याच्या जुन्या चित्रफिती बघताना चेंडूकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. डावा बॅक रोबेर्तो कार्लोस वर धावला रे धावला की हा चार पावलं डावीकडे सरकतो. चेंडू उजव्या कोपऱ्यात असला तरी सरकतो. भोक पडायच्या आधीच बुजवून ठेवायचं, एवढंच काम. त्यामुळे त्याला घसरून टॅकल करायची वेळ तुलनेने कमी येते, आणि गॅलरीला वाटतं हा काहीच करत नाही.

चेल्सीने २००४-०५ मध्ये लीग जिंकली तेव्हा ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. गोली चेक आणि बॅक टेरीचं श्रेय काढून घ्यायचं नाही, पण प्रशिक्षक मोरिन्योचा हिशोब समजून घ्यायला सोपा आहे : समोरचा संघ मधे दोघांना खेळवतो, आपण तिघांना, ते दोघे आपल्या पुढच्या दोघांत अडकतात आणि मागचा माकेलेले मोकळा राहतो. मोकळा राहिला की साधा पाच मीटरचा पासही पुरतो.

पिर्लोचं प्रकरण उलटं. तो मुळात पुढचा खेळाडू, दहा नंबरचा, म्हणजे फॉरवर्डच्या मागे राहून गोल घडवणारा. ब्रेशियात आणि मग मिलानमध्ये प्रशिक्षक आन्चेलोत्ती यांच्या हाताखाली तो मागे सरकला, आणि मागे सरकल्यामुळे त्याला वेळ मिळाला. इटालियनमध्ये अशा खेळाडूला 'रेजिस्ता' म्हणतात, म्हणजे दिग्दर्शक. २००६ च्याच उपांत्य सामन्यात, डॉर्टमुंडला, जर्मनीविरुद्ध ११९ वं मिनिट चालू होतं. कॉर्नर परतवला गेला आणि चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर पिर्लोकडे आला. दुसरा कुणी असता तर तिथूनच मारला असता. हा चेंडू घेऊन कडेकडेने उजवीकडे चालू लागला. जर्मन बचावपटू त्याच्याबरोबर सरकत राहिले. मग त्याने मान न वळवता दोघांच्या फटीतून चेंडू आत ढकलला, आणि ग्रोस्सोने डाव्या पायाने तो लांबच्या खांबाकडे वळवला. फटका मारण्यापेक्षा थांबणं किती अवघड आहे हे ज्याने सामना खेळलाय त्याला कळेल.

असा गडी कुणाला नको? पण त्याची किंमत बघा. पिर्लोच्या शेजारी गत्तुझो होता. मिलानमध्येही होता, इटलीच्या संघातही होता. पिर्लोने न केलेली धावाधाव तो करायचा. आपल्याकडेही हेच दिसलं. मोरोक्कोचा अहमद जाहू एफसी गोवा आणि मग मुंबई सिटीसाठी इतकी वर्षं मागे उभा राहून पन्नास-पन्नास मीटरचे तिरके पास टाकत होता. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) साखळीतली शील्ड आणि चषक दोन्ही घेतले. जाहूच्या शेजारी गोव्यात लेनी रॉड्रिग्ज आणि मुंबईत रोलिन बोर्जेस, दोघेही गोव्याचेच, जे पळत होते ते क्वचितच कुणी मोजलं. जोडणारा घेतलात तर संघातल्या दोन जागा जातात, हे आधीच धरून चाला.

दुसरा धोका असा की जोडणाऱ्याला बंद करता येतं. २०१० मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी पार्क जी-सुंगला मिलानच्या पिर्लोच्या मागे लावून दिलं. युनायटेड घरच्या मैदानावर ४-० ने जिंकली. तालुक्याच्या स्पर्धेतही एखादा हुशार प्रशिक्षक दहाव्या मिनिटाला हे ओळखतो आणि एक पळणारा पोरगा तुमच्या माणसाला चिकटवतो. तोडणाऱ्याला असं चिकटून कुणाला काही मिळत नाही.

दोन्ही गुण एकातच? असतात की. मँचेस्टर सिटीच्या रोद्रीने २०२३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल केला आणि २०२४ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा गुडघा गेला आणि काही आठवड्यांतच सिटी ओळीने हरू लागली. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेच्या २०२१ च्या अंतिम सामन्यात सिटीचे प्रशिक्षक ग्वार्दिओला यांनी सुरुवातीला ना रोद्रीला उतरवलं, ना त्याच जागेवरच्या फर्नांदिन्योला. चेल्सी १-० ने जिंकली आणि सामनावीर झाला त्यांचा तोडणारा, कांटे. इतक्या मोठ्या माणसाला एका रात्री ही जागा बिनमहत्त्वाची वाटली, तर आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना काय बोलणार! असो. असा रोद्री तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा तो विषय बाजूला ठेवा.

ठरवताना आधी त्या गड्याकडे न बघता तुमच्या दोन बॅककडे बघा. ते सावकाश असतील आणि कडेचे बॅक वर पळणारे असतील, तर तोडणारा घ्या, चर्चाच नको. बॅक चपळ आहेत, पण चेंडू मिळाला की डोळे मिटून उडवतात आणि तो पुन्हा समोरच्याकडेच जातो, असं असेल तर जोडणाऱ्याचा विचार करा.

निवड चाचणीत दोघांनाही दहा मिनिटं खेळवा आणि फक्त त्यांच्या मानेकडे बघा. चेंडू पायाशी येण्याआधी जो दोनदा मागे वळून बघतो आणि अंग अर्धवट वळवूनच चेंडू घेतो तो जोडणारा आहे. नुसते लांब फटके मारणारा जोडणारा नव्हे. आणि जोरदार टॅकल करून टाळ्या घेणाऱ्यालाही लगेच तोडणारा समजू नका. तो तिथे उशिरा पोचला म्हणून त्याला घसरावं लागलं का, ते बघा.

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे पास देणारा एक पोरगा होता, पाय सोन्याचे. त्याला एकट्यालाच मधे उभा केला. पहिल्या सामन्यात चार गोल खाल्ले, चारही मधूनच. तिसऱ्या सामन्यापासून उजव्या हाफला खेळणारा एक पळाऊ गडी त्याच्या शेजारी दिला आणि गोल थांबले. पण त्यासाठी एक फॉरवर्ड बसवावा लागला, तो आमच्या खजिनदाराचा भाचा होता. रात्रीच्या बैठकीत दोन तास भांडण झालं. "मास्तर, गोल कोण मारणार मग, तुम्ही?" इथपर्यंत गेलं. तसं भांडण तुम्हाला झेपणार नसेल तर तोडणाराच घ्या.