आण्णांच्या नाकाला रेडिएशनचे २० शेक: उपचार चांगले, शेवटी मात्र वाऱ्यावर सोडलं (५ पैकी ४ स्टार)

आण्णा ७८ वर्षांचे, सगळा जन्म उन्हात शेतात गेला. नाकपुडीच्या कडेला काळपट फोड होता, दोन वर्षं आम्ही चामखीळच समजत होतो, खपली धरायची, पडायची, परत रक्त. तुकडा तपासला तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर. हा सहसा अंगात पसरत नाही पण जागेवर पोखरत जातो, आणि आपल्या लोकांत बऱ्याचदा काळाच दिसतो म्हणून फसायला होतं.

सर्जन म्हणाले नाकपुडी काढून कपाळाची कातडी फिरवून आणू. आण्णा म्हणाले मला नाक आहे तसंच पाहिजे. म्हणून रेडिएशन. इथल्या डॉक्टर मॅडमचं कौतुक यासाठी की त्यांनी आपलंच दुकान चालवलं नाही, सरळ सांगितलं की होत असेल तर ऑपरेशनच सरस. फ्रान्समध्ये चेहऱ्यावरच्या अशाच छोट्या गाठींच्या ३४७ पेशंटची तुलना १९९७ ला छापून आलीय, ४ वर्षांत ऑपरेशनवाल्यांपैकी ०.७ टक्के आणि शेकवाल्यांपैकी ७.५ टक्के लोकांत उपचार फसला, आणि दिसायलाही ऑपरेशनवालेच बरे निघाले (मला उलटं वाटलेलं). तरी शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांचं काम झालं, आण्णांच्या वयाला चाललं आम्हाला.

टेक्निशियन पोरं एक नंबर. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर ओढून मास्क बनवला, आण्णा घाबरले तर एक जण हात धरून उभा राहिला. नाकावर रोज मेणासारखा थर ठेवायचे, कारण तो नसला तर किरणांचा जोर कातडीच्या आत पडतो आणि वर कमी, आजार तर वरच असतो. डोळ्यांवर शिसं. मशीनवर मोजून दहा मिनिटं, पण वेटिंगला कधीकधी दोन तास, आणि एसी एवढा की मी स्वेटर न्यायचे.

एक स्टार कापला तो याच्यासाठी. विसावा शेक झाला, फाईल हातात दिली, या म्हणाले. त्यानंतर दहा दिवसांनी नाक लालबुंद, सोललेलं, आतून खपल्या, आण्णांना जेवण जाईना, आणि रिसेप्शनचा फोन कोणी उचलेना. नंतर कळलं की शेक संपल्यावर एक दोन आठवडे रिअॅक्शन वाढतेच आणि मग भरून येते. अहो मग हे एका कागदावर लिहून द्यायला काय जातं? आमची ती रात्र कशी गेली आम्हालाच माहीत.

आता सव्वा वर्ष झालं. गाठ नाही, नाक जाग्यावर, कातडी तेवढी पांढुरकी आणि बारीक लाल शिरा दिसतात, एक नाकपुडी कोरडी पडते. त्या बाजूच्या मिशीचे केस गेले ते गेलेच, मग आण्णांनी उरलेली पण उतरवली, ५० वर्षांची मिशी.

जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर मागा आणि शेवटच्या दिवशी आतल्या सिस्टरांचा नंबर घेतल्याशिवाय निघू नका, रिसेप्शनचा काही कामाचा नाही.