वैयक्तिक की गट? रशियन रिदमिक जिम्नॅस्टपुढचे दोन रस्ते

सीनियर वयोगट सोळाव्या वर्षी सुरू होतो. रशियात रिदमिक जिम्नॅस्टिक्स (संगीताच्या तालावर हातातल्या साधनांसह करायचं जिम्नॅस्टिक्स) करणाऱ्या मुलीचं तोवर ठरलेलं असावं लागतं: एकटीने उतरायचं की पाच जणींच्या गटात. खरं तर बऱ्याचदा ठरवतात प्रशिक्षकच. गट म्हणजे वैयक्तिकमध्ये मागे पडलेल्यांची सोय, असं सर्रास बोललं जातं; आम्हाला ते पटत नाही.

आधी जागा मोजा. ऑलिंपिकच्या वैयक्तिक स्पर्धेत एका देशाच्या जास्तीत जास्त दोघी. सिडनी 2000 पासून रिओ 2016 पर्यंतची पाचही वैयक्तिक सुवर्णं रशियाचीच, पण ती मिळून चौघींची, कारण कानाएवाने त्यातली दोन नेली. गटाचीही पाचही सुवर्णं रशियाचीच, आणि तिथे दर वेळी पाच-सहा मुलींच्या गळ्यात पदक.

वैयक्तिकमध्ये हूप (मोठं कडं), बॉल, क्लब्ज (छोट्या मुद्गलांची जोडी), रिबन (काठीला बांधलेली फीत) या चार साधनांची चार रुटीन्स, म्हणजे संगीतावर बसवलेल्या रचना, प्रत्येकी सव्वा ते दीड मिनिटाची. गटात दोनच, सव्वादोन ते अडीच मिनिटांची. म्हणून गटात काम कमी? मुळीच नाही. एकटी खेळताना स्वतः फेकलेला हूप कुठे पडणार याचा हाताला अंदाज असतो. गटात तो दुसरीने फेकलेला असतो. अर्धं पाऊल आखूड पडला की झेलणारी पुढे धावते, रचना मोडते, तिच्याकडून जायची पुढची फेक उशिरा जाते आणि एका चुकीच्या तीन होतात. रिबनचं तर विचारूच नका: 13 बाय 13 मीटरच्या कार्पेटवर सहा-सहा मीटरच्या पाच रिबनी. गाठ बसली तर ती सोडवण्यात संगीत पुढे निघून जातं, राखीव रिबन उचलावी तर गुण कापले जातात.

साधनांचाही विचार करावा. गटाची साधनं ठरावीक काळाने बदलतात: रिओला एका रुटीनमध्ये पाच रिबनी आणि दुसऱ्यात क्लब्ज-हूप (काहींकडे क्लब्ज, काहींकडे हूप), टोकियोला पाच बॉल आणि हूप-क्लब्ज. एखादं साधन वर्षानुवर्षं स्पर्धेत हातातच येत नाही, त्यामुळे गटातून वैयक्तिककडे परतणं अवघड. दुखापतीत वैयक्तिकवाली रुटीन सोपं करून वेळ निभावून नेऊ शकते. गटात राखीव मुलगी आत येते, आणि ती नीट बसली तर जागा गेलीच म्हणायची.

चुकीची किंमत मात्र वैयक्तिकमध्ये क्रूर. रशियाची कुद्र्यावत्सेवा सलग तीन वेळची जगज्जेती. रिओच्या अंतिम फेरीत एक क्लब हातातून निसटला आणि सुवर्ण रशियाच्याच मामुनकडे गेलं. त्याच रिओत गटाच्या स्पर्धेत रिबनच्या रुटीननंतर स्पेनचा गट पुढे होता. रशियन मुलींनी क्लब्ज-हूपमध्ये भरून काढलं.

कारकीर्द गटात लांबू शकते. रशियन गटातली ब्लिझ्न्युक लंडन आणि रिओला सुवर्ण, टोकियोला रौप्य, अशी तीन ऑलिंपिकं खेळली. कानाएवा बाविसाव्या वर्षी थांबली.

आता बंदीचा मुद्दा, आणि इथे पारडं फिरतं. मार्च 2022 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणामुळे रशियाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढलं गेलं. पॅरिस 2024 साठी 'तटस्थ खेळाडू' (देशाच्या नावाशिवाय उतरणारे) ही वाट ठेवली होती, पण एकेकट्या खेळाडूंपुरती. संघ आणि गटांना ती बंद होती. म्हणजे पाच जणींमधली एखादी कितीही सरस असली, तरी तिला एकटीला अर्ज करायची सोय नव्हती.